सत्त्याऐंशीवा ढीग

कोशघर, ९ ऑक्टोबर १९११

ती. केझीताईस,
लँटीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र, ओटच्या भाकऱ्या आणि लोकरी मोजे पोचले. भाकऱ्या मोज्यांत भरून पाठवायची कल्पना तुझीच असणार, आईची नाही. मोज्यांना अजून भाकरीचा वास येतो, त्यामुळे कोशघरातलं मांजर माझे पाय सोडत नाही.

एक मोठी बातमी आहे. डॉक्टर पार्जिटरनी परवा बोलावलं आणि म्हणाले की शब्दकोशातला 'सेट' हा शब्द आजपासून तुमच्याकडे. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, कुणाच्या घरी वाईट बातमी आल्यावर बघतात तसे. शेजारच्या टेबलावरच्या मिस ॲम्फ्लेट माझ्यापुढे एक बिस्किट ठेवून गेल्या. माझ्याआधी हा शब्द मिस्टर ट्यूकांकडे होता. ते सव्वा वर्ष झुंजले. मग डोळे दुखतात म्हणून समुद्रकाठी बहिणीकडे गेले ते गेलेच.

तुला वाटेल, एवढासा शब्द, त्यात काय. अगं, त्याची पुस्तकांतून उतरवलेली वाक्यं असलेल्या पाच हजारांवर चिठ्ठ्या आहेत. खुडुक कोंबडी अंड्यांवर बसवली की सेट. चीज थिजलं की सेट. सूर्य बुडाला की सेट, हाडवैद्यानं मोडलेलं हाड जुळवलं की सेट, बटाटे लावले, टेबल मांडलं, घड्याळ लावलं, सापळा लावला, करवतीचे दात वाकवले, कुणाच्या अंगावर कुत्रं सोडलं, सगळं सेट. बशा-कपांचा संच तोही सेटच. एका अर्थाचा एक ढीग असं करत मी टेबल संपवलं आणि जमिनीवर आलो. एकशे एकवीस ढीग झालेत. कुणी दार उघडलं की मी ओरडतो. हे जानेवारीत निघणाऱ्या भागात गेलं तर मला कायम करणार आहेत. गेलं नाही तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुझ्या चिठ्ठ्या ढिगातून लांबूनच ओळखू येतात. अकरा वर्षं दूधदुभतं, मेंढ्या आणि आई सांभाळून तू पुस्तकांतली वाक्यं उतरवून पाठवतेस, साल, पान, सगळं जिथल्या तिथं. नऊ हजार झाल्यात, माहितेय? इथं तुला सगळे हार्सगिलच्या बाई म्हणतात. मी तुझा भाऊ आहे हे कळल्यावर माझा भाव जरा वाढला.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. सत्त्याऐंशीवा ढीग. निघालेल्या माणसाला थोडं अंतर सोबत करणं, हा अर्थ. आई वापरते तोच. त्यात जुने दाखले भरपूर आहेत, पण शेवटचा १७४३चा. इथला नियम असा की दीडशे वर्षांत छापील दाखला नसेल तर तो अर्थ मेला असं धरायचं आणि त्याच्यापुढे खंजिराचं चिन्ह छापायचं. तुला कुठं एखादा सापडतोय का बघ.

आईला माझा नमस्कार सांग. मी तिला अजून नावानं आठवतो का?

मोज्यांइतकीच ऊब पत्रांतूनही येत राहू दे.
तुझा,
लँटी


लो हाऊस, हार्सगिल, २० ऑक्टोबर

चि. लँटीस,
अ. उ. आ.

मांजराला मोजे दे आणि दुसरे मागव. पाठवते.

आईचं विचारलंस. तुझं नाव कधी आठवतं, कधी नाही. परवा मला तिनं तीनदा तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि चौथ्यांदा गाईच्या. गाय शहाणी आहे म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही. शब्द गळत चाललेत तिचे, दात पडावेत तसे. चहाची किटली, कात्री, रविवार, सगळ्याला आता तिच्याकडे एकच शब्द उरलाय, तुझा तो सेट. हे सेट कर, ते सेट कर, तिकडचं सेट झालं का. मी अंदाजानं करत जाते. दहातून सहा वेळा बरोबर येतं.

एक मात्र तिचं चुकत नाही. कुणीही आलं, पोस्टमन असो की पाद्री, निघताना ही शाल घेते आणि म्हणते, चला, तुम्हाला सेट करते. दुसऱ्या फाटकापर्यंत जाते, फाटकाला हात लावते आणि परत येते. गेल्या आठवड्यात मेंढा बघायला आलेल्या व्यापाऱ्यालाही तिनं असंच पोचवलं. तो मेंढा न घेता चालला होता. वाटेत काय बोलली कोण जाणे, फाटकावरून परत येऊन घेऊन गेला.

आणि तुझे डॉक्टर म्हणतात तो अर्थ मेला. लँटी, मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तुझं पत्र मी वाचत होते तेव्हा आई दारात उभी राहून कोळसेवाल्याला तेच म्हणत होती. कुणीतरी इकडे येऊन ऐकावं म्हणावं. राहायची खोली आहे.

पुस्तकांत शोधते. पण सतराशे त्रेचाळीसनंतर या खोऱ्यातल्या कुणी पुस्तक लिहिलं असलं तर ते इथून निघून गेल्यावर लिहिलं, आणि निघून गेलेली माणसं हा शब्द कशाला वापरतील?

तुझ्यावरची माया इथल्या दगडी बांधांसारखी आहे, चुना नाही पण पडत नाही.
केझी


कोशघर, २ नोव्हेंबर

ती. केझीताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी मिस ॲम्फ्लेटना वाचून दाखवलं. मेंढ्याच्या व्यापाऱ्यापाशी त्या इतक्या हसल्या की चष्मा ढीग क्रमांक चाळीसमध्ये पडला.

मग धीर करून डॉक्टरांकडे गेलो. सांगितलं की माझी आई हा अर्थ रोज वापरते, माझी बहीण साक्षीला आहे, तीच ती हार्सगिलची. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, अल्डरसन, माझीही आई बोलायची, आणि फार छान बोलायची, पण आयांना पान क्रमांक नसतो. उद्या वाचक तपासायला आला तर त्याला कुठं पाठवू, तुमच्या स्वयंपाकघरात? छापलेलं आणा, कसलंही चालेल, प्रवचन, पंचांग, वर्तमानपत्रातली जाहिरात. एक डिसेंबरपर्यंत थांबतो.

त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही, कारण हाच नियम नसता तर इथं प्रत्येकानं आपापली आई आणून बसवली असती.

तू शोध. नाही सापडलं तर मनाला लावून घेऊ नकोस. खंजीर म्हणजे काही फाशी नाही, छपाईतलं एक चिन्ह आहे.

लोभाची पत्रं येऊ देत, चिठ्ठ्या आल्या तर अधिकच लोभ.
लँटी


लो हाऊस, २१ नोव्हेंबर

चि. लँटीस,
अ. उ. आ.

सोबत एक चिठ्ठी आहे. हार्सगिल चॅपलला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं भाषण, छापील पुस्तिका, १८७१, पान १९. वाक्य असं: "आपण एकमेकांना दुसऱ्या फाटकापर्यंत सेट करतो; पुढची वाट ज्याची त्याची आणि देवाची."

चॅपलच्या पेटीत सापडली.

बर्फ लवकर पडलं. आई बरी आहे. मेंढ्या खाली आणल्या.

लोभ आहेच, तो काही मोजत नाही.
केझी


कोशघर, २८ नोव्हेंबर

ती. केझीताईस,
स. न. वि. वि.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, लाल पेन्सिल घेतली आणि खंजीर खोडला. म्हणाले, तुमच्या बहिणीला लेखी आभार पाठवा. मिस ॲम्फ्लेटनी या वेळी दोन बिस्किटं ठेवली. माझे सगळे ढीग आता पुड्यांत बांधून छापखान्यात गेलेत आणि जमीन पहिल्यांदा दिसली. तिला कार्पेट आहे हे मला माहीतच नव्हतं.

एक छोटं काम राहिलं. नव्या चिठ्ठीचं मूळ पुस्तक मिस ॲम्फ्लेट स्वतः डोळ्यांनी बघतात, तो त्यांचा नेम. त्यांनी राजधानीतल्या मोठ्या ग्रंथालयाला विचारलं, तिथं ही पुस्तिका नाही. खेड्यातली चोपडी, नसणारच. तेव्हा तू ती चार दिवसांसाठी पोस्टानं पाठव. लगेच परत करीन. अंतिम कागद १६ डिसेंबरला यंत्रावर चढतो, त्याआधी आली म्हणजे झालं.

तुझं पत्र फार थोडक्यात होतं. थंडीनं बोटं आखडली असतील असं समजतो.

तुझ्या लोभानं आज नोकरी राखली. तो असाच उपयोगी पडो.
लँटी


लो हाऊस, ४ डिसेंबर

चि. लँटी,

पुस्तिका नाही.

चॅपलला पन्नास वर्षं झाली ते खरं, भाषण झालं तेही खरं, मी सात वर्षांची होते आणि पहिल्या बाकावर झोपले होते. पण ते छापलं कुणी नाही. पान एकोणीस मी केलं. वाक्य आईचं आहे.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. आता लिहिलंच आहे तर सगळं सांगते. चिठ्ठी मी रागानं लिहिली नाही. दळण दळावं इतक्या शांतपणे लिहिली. अकरा वर्षं मी मेलेल्या माणसांची वाक्यं उतरवतेय. बिशप, वकील, आरमारातले कप्तान, बागांवर पुस्तकं लिहिणारे कुणी सरदार. त्यांतल्या प्रत्येकाचं मी स्वल्पविरामासकट ऐकलं. एकदाही मनचं घातलं नाही. मग वाटलं, एवढ्या लोकांचं ऐकलं, तर एका बाईचं एक वाक्य त्यांच्यात नेऊन बसवलं म्हणून काय बिघडलं. ती छापखान्यात गेली नाही, एवढाच तिचा गुन्हा. आणि तिच्याकडे एकच शब्द उरलाय, त्याच्यावरही तुम्ही सुरी ठेवणार.

त्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून नाही. परवा चिठ्ठ्या लिहायला बसले तर खरं वाक्यसुद्धा उतरवता येईना. वाटलं, हे खरंच पुस्तकात आहे ना? पुन्हा पुन्हा पान उघडून बघत होते.

आता तुझ्या हातात आहे. तू सांगितलंस तर माझ्या नऊ हजार चिठ्ठ्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मला कळतं. ठेवूही नये. नाही सांगितलंस तर ते खोटं पान तुझ्या नावावर छापलं जाईल. मी तुला या खड्ड्यात ओढलं, ते मी मोठी असून.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी घे.
केझी


कोशघर, ८ डिसेंबर

ताई,

मला माहीत होतं.

पाकीट उघडलं आणि पहिल्या वाचनालाच मला आईचा आवाज ऐकू आला. घरून निघालो तेव्हाचा, मी एकोणीस वर्षांचा, हातात पत्र्याची पेटी, आणि ती फाटकाला हात लावून म्हणाली, इथवर सेट केलं तुला, पुढची वाट तुझी आणि देवाची. ते वाक्य कुठल्या पाद्र्यानं १८७१ साली म्हणावं, इतकी आई वाचाळही नाही आणि पाद्री शहाणेही नाहीत. तरी मी चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवली. मग तुला पत्र लिहिलं, पुस्तिका पाठव म्हणून. ते कशाला लिहिलं? तू नाही म्हणालीस की दोष तुझा होईल म्हणून. हे मला आत्ता लिहितानाच कळतंय, आणि लिहायला नको होतं असं वाटतंय.

आता ऐक. एक रस्ता आहे. मिस ॲम्फ्लेटना सांगू की पुस्तिका उंदरांनी खाल्ली. खेड्यातल्या पेटीत उंदीर असतातच, त्या मान डोलावतील. तुझ्या आजवरच्या चिठ्ठ्यांमुळे त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. आठ दिवसांचा प्रश्न आहे. कागद एकदा यंत्रावर चढला की पुढची शंभर वर्षं कुणी तिकडे बघणार नाही. तुझं अकरा वर्षांचं काम वाचेल. माझी नोकरी वाचेल. आईचा अर्थ जिवंत राहील. कुणाचं काय जातंय?

फक्त एक ओळ लिहून पाठव, उंदरांनी खाल्ली म्हणून. बाकी मी बघतो.

माझ्यावरचा लोभ कमी कर, पण एकदम काढून घेऊ नकोस.
लँटी


लो हाऊस, ११ डिसेंबर

चि. लँटीस,
अ. उ. आ. या वेळी हात धजला.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी डॉक्टर पार्जिटरना लिहून टाकलं. चार ओळी. पुस्तिका नाही, वाक्य मी रचलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि कागद यंत्रावर चढण्याआधी कृपा करून काढा. खाली पूर्ण नाव. पोस्टमनच्या हातात दिलं आणि आईनं त्याला दुसऱ्या फाटकापर्यंत पोचवलं, पत्रासकट.

उंदरांचं मनात आणू नकोस. आमच्या चॅपलच्या उंदरांना त्यांची स्वतःची पापं पुरेशी आहेत. आणि कुणाचं काय जातंय म्हणतोस, तर सांगते. कुणी पोर पन्नास वर्षांनी माझी चिठ्ठी वाचेल आणि हार्सगिलला ती पुस्तिका शोधत येईल. तसली माणसं असतात, मीच आहे तसली. मी एका रोपट्याच्या नावासाठी दोन वर्षं एका पुस्तकाच्या मागे होते.

तुला आधीच माहीत होतं, हे त्या पत्रात नाही, आणि तूही बोलू नकोस. एका घरातलं एकच माणूस बुडलेलं बरं. मी इथं चीज करून जगीन. तुला मेंढ्या येत नाहीत, चीज येत नाही, तुला फक्त शब्द येतात.

माझ्याकडून लोभात काही कमी-जास्त झालेलं नाही.
केझी


कोशघर, १० जानेवारी १९१२

ती. केझीताईस,
स. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं.

तुझं पत्र डॉक्टरांनी मला स्वतः वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तू सांगितलंस तसं गप्प बसायचं मी ठरवलं होतं. ते म्हणाले, दुर्दैव, पण तुमचा यात काही संबंध नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. मग मला बसवेना. सांगितलं की पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. म्हणाले, अल्डरसन, त्यांनी आईसाठी केलं, तुम्ही कशासाठी केलंत? मी म्हटलं, नोकरीसाठी. ते म्हणाले, निदान हे उत्तर तपासायची गरज नाही.

मला काढलं नाही. कायमही केलं नाही. 'सेट' मिस्टर ट्यूकांना परत बोलावून दिला, ते आले, डोळे आता बरे आहेत म्हणे. कागद यंत्रावरून उतरवून दुरुस्त केला. सत्त्याऐंशीव्या अर्थापुढे खंजीर छापला गेला. मी स्वतः बघितला. बारीक असतो, धूळ पडल्यासारखा.

आता तुझं. डॉक्टर म्हणाले की हार्सगिलच्या सगळ्या चिठ्ठ्या खणांतून काढाव्या लागतील, एक खोटी निघाली की बाकीच्यांची हमी कोण देणार, आणि तपासायला माणूस नाही. मी म्हटलं, मी तपासतो, माझ्या वेळात. त्यांनी ईस्टरपर्यंत मुदत दिली. जिचं मूळ पुस्तक मी दाखवीन ती चिठ्ठी राहील, उरलेल्या शेगडीत. एका पुस्तकाच्या पन्नास-पन्नास आहेत म्हणून बरं. आणि अट अशी की मी तपासलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाची सही हवी. अल्डरसनांचं अल्डरसनांनी तपासलेलं चालत नाही. मिस ॲम्फ्लेट सही करतात. बिस्किटं बंद झालीत, पण सही करतात.

आजवर चारशे बारा झाल्या. ताई, एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही.

पण खूपशी पुस्तकं इथं नाहीत. म्हाताऱ्या पाद्र्यांच्या कपाटातली तू वापरलीस ती, ते गेल्यावर कुठं गेली? आठवेल तेवढी यादी करून पाठव, कुणी काय नेलं. त्याच्यावर तुझ्या दोन-तीन हजार चिठ्ठ्या टांगलेल्या आहेत.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
लँटी


लो हाऊस, १९ फेब्रुवारी

चि. लँटीस,
अ. उ. आ.

यादी अर्धीच आहे, सोबत ठेवलीय. अर्धी का ते सांगते.

सात तारखेला दुपारी मी आतल्या खोलीत यादी करत बसले होते. चहा विकणारा आला, आईनंच त्याच्याशी बोलणं केलं, मी आवाज ऐकत होते. मग चला सेट करते ऐकलं आणि दार वाजलं. मी म्हटलं, येईल फाटकावरून. आणि पाद्र्यांची प्रवासवर्णनं कुणी नेली ते आठवत बसले. मान वर केली तेव्हा चूल विझली होती.

चहावाला दुसऱ्या फाटकापाशी टांग्यात बसून गेला. आई थांबली नाही. पायांच्या खुणा बर्फातून सरळ टेकाडावर गेल्या होत्या, टांग्याच्या चाकोरीतून. मी निम्म्या वाटेवर होते तेव्हा दगडाच्या खाणीवरचे दोघं भाऊ तिला घेऊन खाली येताना दिसले, अंगावर पोती गुंडाळलेली. मेंढ्यांच्या कोंडवाड्याला टेकून बसली होती म्हणे. त्यांनाच विचारत होती, तुम्हाला कुठवर सेट करू. धाकटा म्हणाला, मावशी, आज आमची पाळी.

डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीयत. इथले डॉक्टर गुरुवारी परत येऊन सांगणार, ठेवायची की काढायची. ताप उतरलेला नाही. ती माझ्याकडे बघते आणि काही म्हणत नाही, तो एक शब्दही नाही. मी कान लावून बसते.

त्या दोघांनी काही घ्यायचं नाकारलं, म्हणून साप्ताहिकात आभार छापून आणले. तिथल्या बाबानं कटकट केली. सेट काढा म्हणे, अडाणी वाटतं, सोबत करून आणलं असं घाला. मी म्हटलं, दारात उभं राहून ते दोघं 'घरापर्यंत सेट केलं' म्हणाले ते मी ऐकलंय, आणि दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे मी आता सोडून दिलंय. त्याला काही कळलं नाही, पण छापलं. कात्रण पाठवतेय. नावं त्यात आहेत, तूही त्यांना दोन ओळी लिही.

यादीचं उरलेलं मला जमेल असं वाटत नाही. चिठ्ठ्या जळल्या तर जळू देत. मी पुस्तकांकडे बघत होते आणि ती माझ्या पाठीमागून निघून गेली, हे मला दुसरं काही आठवू देत नाही.

तुझी आठवण करत,
केझी


कोशघर, २२ फेब्रुवारी

ती. केझीताईस,
स. न. वि. वि.

आज काय केलं ते तुला सांगतो, त्यात काही सोडत नाही.

पाकीट उघडलं तेव्हा कात्रण आधी हातात आलं. छापील, तारीख वर, तिसरं पान, दुसरा रकाना: "दि. ७ रोजी आमच्या आईला टेकाडावरून घरापर्यंत सेट करणारे जेकब व ॲम्ब्रोज पीकॉक या बंधूंचे अल्डरसन कुटुंब ऋणी आहे." मी पत्र तिथंच टेबलावर टाकलं. चिठ्ठी घेतली, साल घातलं, पान घातलं, वाक्य उतरवलं, मिस ॲम्फ्लेटची सही घेतली. त्यांनी दोनदा कात्रण उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या की या चिठ्ठीला डॉक्टरांचीही सही लागेल. कोशाचा तो भाग छापून झालाय, तेव्हा ही पुरवणीच्या खणात जाणार. पुरवणी निघेल तेव्हा आपण दोघं असू की नसू. तरी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. कात्रण डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. साप्ताहिक किती जुनं, छापणारा कोण, मजकूर बहिणीचाच ना, तर हो, पण शब्द खाणवाल्यांचा. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या आई आता कशा आहेत?

मी पत्र वाचलंच नव्हतं, ताई. कात्रण वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की आपली आई बर्फात टेकाडावर होती, आणि मी तारीख, पान, रकाना टिपला.

त्यांना म्हटलं, बघून सांगतो. चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर राहिली. खाली आलो, तुझं पत्र उभ्यानं वाचलं. बोटांपाशी आलो तेव्हा मिस ॲम्फ्लेटनी मला खुर्ची दिली.

तू स्वतःला लावून घेतेयस ते सोडून दे. यादी मी मागितली होती. तू त्या खोलीत माझ्यामुळे बसली होतीस.

चार हजार शंभर तपासून झाल्यात. महिनाभर तिकडे राहिलो तर ईस्टरपर्यंत उरलेल्या होत नाहीत, हिशेब साधा आहे. मिस ॲम्फ्लेट म्हणाल्या, जमतील तेवढ्या मी बघते, बाकीच्यांचं वचन देत नाही. जातील त्या जातील. तू खऱ्या लिहिल्या होत्यास, हे तुला ठाऊक आहे आणि आता मलाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तिकडचा डॉक्टर बोटं काढायची म्हणाला तर मी येईपर्यंत थांबायला सांग, आईचा हात कुणीतरी धरायला हवा आणि तू दोन्हीकडे पुरणार नाहीस. मला घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस. तिला एकटं सोडू नकोस.

आल्यावर मला कुठल्याही नावानं हाक मारली तरी मी ओ देणार आहे, तिला सांगून ठेव.

उरलेला लोभ समोर आल्यावर.
लँटी